आवाज बंद करून

६ जानेवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, वाचल्याची खूण मला दिसते, आणि गप्प बसतेस. म्हणून हा कागद. हातात आलेला कागद न वाचता टाकणं तुला जमायचं नाही, इतकी वर्षं मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत काढलीस. तुझ्या शाळेच्या फाटकावर पत्रपेटी आहे, तिच्यात स्वतः टाकून येणार आहे. आत येणार नाही, काळजी नसावी.

पहिली गोष्ट, चिंगी तुझ्या शाळेत परत येणार नाही. नोव्हेंबरात मी तिचं नाव रागाच्या भरात काढलं असं तू सगळ्यांना सांगतेस म्हणे. राग होताच. सहा वर्षांच्या पोरीला वर्गासमोर उभं करायचं आणि "ही वाचत नाही, पोपटपंची करते" असं तिच्या बाईंना सांगायचं, तेही चार आयांच्या देखत. सख्खी मावशी तू तिची. त्यानंतर पंधरा दिवस पुस्तक दिसलं की पोरगी टेबलाखाली जाऊन बसायची. आता माझा राग बराचसा उतरलाय, पण निर्णय तोच आहे. ती घरीच शिकेल.

आता तू विचारशील की दुकान सांभाळून मी शिकवणार कधी. बाबांच्या मागे शिलाई मशीन दुरुस्तीचं हे दुकान माझ्या एकटीवर आहे. सकाळी नऊला शटर वर गेलं की एक मशीन खोललेली, दोन रांगेत, आणि संध्याकाळपर्यंत हवीच म्हणणारं गिऱ्हाईक समोर. चिंगीचे बाबा ट्रकवर, आठवड्यातले दोन दिवस घरी, आणि त्यातला एक झोपण्यात. म्हणून वाचायला शिकवणारा ऑनलाइन वर्ग लावायचं ठरवलंय. तू नाक मुरडलंस, ते मला इथून दिसलं.

पण मी जाहिरातीला भुललेली नाही. पाच वर्ग बघितले, सुरुवातीचे फुकटचे दिवस वापरून. एकात रॉकेट उडतं आणि अक्षरं कमी, धूर जास्त. एकात एक बाई इतक्या भरभर बोलतात की मलाच धाप लागली. एकाची पोरीला तिसऱ्या दिवशी भीती वाटायला लागली, का ते तिने सांगितलं नाही. एक नुसता हिरवा, चित्र नाही, गाणं नाही, दवाखान्याच्या भिंतीसारखा. तो मी पाच मिनिटांत बंद केला. उरला अस्वलाचा. अस्वल शब्द बोलतं, गोष्ट वाचून दाखवतं, बरोबर आलं की नाचतं. चिंगी त्याच्यासमोर तासभर हलत नाही. सुरुवातीला मूल कुठल्या पायरीवर आहे ते ठरवायची चाचणी असते. तीही छान गेली. जवळजवळ एकटीनेच दिली तिने.

आणखी एक. शिक्षण कार्यालयाचं पत्र आलंय. घरी शिकणाऱ्या मुलाने सात पूर्ण व्हायच्या आत, म्हणजे आपल्याकडे एप्रिलअखेरपर्यंत, कधीही न पाहिलेलं एक पान कुठल्याही नोंदणीकृत शिक्षकासमोर वाचून दाखवायचं. जमलं तर परवानगी चालू. नाही जमलं तर जूनमध्ये जवळच्या शाळेत नाव घालायचं. जवळची शाळा कोणती ते तुला सांगायला नको.

चार महिने आहेत. पुरे झाले.

तुझी, अजूनही धाकटीच


२८ जानेवारी

ताई,

एकोणिसावी पायरी. तीन आठवड्यांत. कार्यक्रमवाले म्हणतात की सर्वसाधारण मूल एवढ्या दिवसांत सातवी गाठतं.

कसं चालतं ते सांगते, म्हणजे तुझ्या शिक्षिकांना उपयोग होईल. अस्वल म्हणतं, "घर शोध." पडद्यावर तीन शब्द असतात. चिंगी बोट लावते, बरोबर शब्द अस्वलाच्या टोपलीत ओढते, टोपली भरली की तारा. मग गोष्ट येते. अस्वल गोष्ट वाचतं, चिंगी मागून वाचते, शब्दाखाली बोट फिरवत. परवा एक शिंपीणबाई मशीन न्यायला आल्या होत्या. चिंगीने त्यांना सबंध गोष्ट वाचून दाखवली. शेवटची दोन पानं तर मान वर करून, त्यांच्याकडे बघत. बाई थक्क झाल्या. म्हणाल्या, हिला घरीच ठेवा, शाळेत बिघडेल. हे मी मुद्दाम लिहितेय.

आणि कान तर काय सांगू. बाबा म्हणायचे ना, आधी ऐक, मग खोल. ही पोरगी टेबलाखाली टॅब घेऊन बसलेली असते आणि वर मी मशीन चालवून बघत असते. तिथून ओरडते, "आई, हिचा पट्टा सैल आहे." खोलून बघावं तर पट्टा सैल. मागच्या आठवड्यात एका मशीनचा टाका सुटत होता, मी सुई बदलली, दोऱ्याचा ताण बदलला, काही होईना. ही म्हणाली, "आत काहीतरी घासतंय, खर्र खर्र." खोलून बघितलं तर खालच्या दोऱ्याच्या बॉबिन केसला बारीक चीर होती. अशा पोरीला तू पोपट म्हणालीस.

मला मोकळे हात मिळतात हेही खरं. अस्वल आणि ती, दोघं एकमेकांना सांभाळतात. एकोणिसाव्या पायरीला अस्वलाच्या वर्गाने प्रमाणपत्र दिलंय, त्याची प्रत सोबत जोडतेय. तुझ्या दारातल्या फलकावर जागा असेल तर लाव.

धाकटी


६ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. दोन पत्रं लिहिली, दुसऱ्यात प्रमाणपत्र पाठवलं, आणि उत्तरात शाळेच्या छापील कागदावर चार शब्द. "आवाज बंद करून बघ." ना बरी आहेस का, ना पोरगी कशी आहे. खाली सही, हुद्दा आणि शिक्का. बहिणीला पत्र लिहिताना शिक्का मारणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मी का बंद करू आवाज? ज्या वर्गात अस्वल बोलतं तो वर्ग आवाज बंद करून बघायचा म्हणजे मशीन दोरा न घालता चालवायची. तुला कधी कुणाचं कौतुक बघवलं नाही. माझंही नाही. मी दुकान घेतलं तेव्हा तू म्हणालीस, बघू किती दिवस चालवते. चौदा वर्षं झाली, तू अजून बघतेच आहेस.

मी काही आवाज बंद करणार नाही. बाविसावी पायरी चालू आहे.


१४ फेब्रुवारी

ताई,

बंद केला.

आठ दिवस तुझा कागद मशीनच्या खणात उलटा घालून ठेवला होता. काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, एकदा हिचं तोंड बंद करावं. हिचं म्हणजे तुझं. टॅबचा आवाज शून्यावर आणला, चिंगीला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, अस्वलाचा घसा बसलाय, तू आपली तुझी वाच.

तिने पहिल्या शब्दाला बोट लावलं आणि थांबली. वाट बघत होती. मग दुसऱ्याला लावलं, मग तिसऱ्याला, मग परत पहिल्याला. माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, हे बोलत नाहीयेत."

तेव्हा मला कळलं. प्रत्येक शब्दाला बोट लावलं की तो शब्द स्वतःच बोलतो, अशी सोय आहे त्यात. अस्वल म्हणणार घर. ही तिन्ही शब्दांना बोट लावून ऐकणार आणि ज्याचा आवाज जुळला तो टोपलीत टाकणार. बावीस पायऱ्या तिने आवाजाला आवाज जुळवून पार केल्या. गोष्टी तर काय, एकदा ऐकल्या की पाठ. मान वर करून वाचत होती याचं मी कौतुक करत बसले. मान वर करून कोण वाचतं?

मी पहिल्या पायरीवरची गोष्ट काढली, तीन वाक्यांची. एक अक्षर आलं नाही. म्हणजे अक्षरं येतात, सुटी सुटी, पण दोन जवळ आली की ती माझ्या तोंडाकडे बघते. मी नुसता ओठ हलवला तर शब्द पकडते. आमच्या दुकानात वाढलेली पोर ती, खोटं कुठे बोलतेय? तिला आम्ही हेच शिकवलं, आधी ऐक. ती ऐकत राहिली.

आणि हेही लिहून टाकते. सुरुवातीची चाचणी तिने एकटीने दिली नव्हती. मी शेजारी होते. दोन ठिकाणी बोट दाखवलं, तीन ठिकाणी "हं?" असं म्हटलं. ते "हं" तिला पुरेसं होतं.

तू बरोबर होतीस. वर्गासमोर सांगितलंस ते चूकच, ते मी मरेपर्यंत चूक म्हणेन. पण सांगितलंस ते बरोबर होतं. रात्री जेवताना तिने विचारलं, अस्वलाचा घसा कधी बरा होणार. मी सांगितलं, ते आता येणार नाही. खूप रडली. मी टॅबवरून ते काढून टाकलं, तारे, टोपली, प्रमाणपत्र, सगळं.

एप्रिलअखेरीला अडीच महिने आहेत. तू आता म्हणशील की आण परत शाळेत. आणणार नाही.


३ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी लिहीत राहणार आहे, कारण लिहिलं की डोकं जाग्यावर येतं.

या वेळी मी वर्ग उलट्या बाजूने बघितले. आधी आवाज शून्य. मग चिंगी नसताना मीच बसून बघायचं, की काही न वाचता यात किती पुढे जाता येतं. ताई, तुला सांगते, बहुतेकांत शेवटपर्यंत जाता येतं. एकात बरोबर उत्तराभोवती हलकी चमक येते. एकात चुकलं की तो शब्द नाहीसा होतो, तीनदा चुका, उरतो तो बरोबर. एकात शब्दाशेजारी चित्रच असतं, हत्तीचं चित्र बघून हत्ती म्हणायला वाचता कशाला यायला हवं? मी अकरा वर्ग असे तपासले. रॉकेटवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन केला. पोरगी गोड होती. मी विचारलं, तुमच्याकडे न वाचता किती तारे मिळवता येतात? ती म्हणाली, मुलांचा आत्मविश्वास वाढणं महत्त्वाचं आहे, मॅडम. मी म्हटलं, आत्मविश्वास हिच्याकडे पोतंभर आहे, अक्षरं हवीत. तिने फोन वरिष्ठांकडे दिला आणि वरिष्ठ आलेच नाहीत.

शेवटी तो हिरवा पुन्हा उघडला, दवाखान्याच्या भिंतीसारखा. दोन शिक्षकांनी मिळून केलाय, त्यांचं साधं पत्र पहिल्या पानावर आहे. जानेवारीत मी ते वाचलंच नव्हतं. त्यात लिहिलंय, मुलाला एकटं बसवू नका, हा वर्ग बोलत नाही, तुम्हाला ऐकावं लागेल. पडद्यावर एक शब्द येतो, काळा, मोठा. मूल वाचतं. शेजारच्या मोठ्या माणसाने ऐकायचं आणि बरोबर किंवा पुन्हा यातलं एक दाबायचं. शब्द सांगायचा नाही. मूल अडलं तर शब्दाचे तुकडे वेगवेगळ्या रंगात दिसतात, बस. चित्र येतं ते वाचून झाल्यावर, बक्षिसासारखं. रोज वीस मिनिटं, सुट्टीच्या दिवशीही.

मी तो पाच मिनिटांत का बंद केला होता ते आता कळतंय. त्याला माझी वीस मिनिटं हवी होती. मला वाचायला शिकवणारा वर्ग हवा होता की पोरगी सांभाळणारी बाई, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

आता दुपारी अडीच ते दोन पन्नास शटर अर्धं खाली असतं. बाहेर पुठ्ठा लावलाय, "वीस मिनिटं थांबा". एक गिऱ्हाईक चिडून गेलं. जाऊ दे, मशीन इथेच आहे, येईल परत. पहिले चार दिवस चिंगीने टॅबकडे बघितलंच नाही, माझ्या ओठांकडे बघत बसली. म्हणून आता मी तिच्या मागे बसते, हनुवटी तिच्या डोक्यावर ठेवून. पाचव्या दिवशी तिने "नळ" वाचला. एकटीने. त्याला दीड मिनिट लागलं आणि मला घाम फुटला.


२ एप्रिल

ताई,

वाचते. हळू वाचते, धापा टाकत, पण वाचते. काल रस्त्याने जाताना औषधाच्या दुकानावरची पाटी वाचली आणि एवढ्या जोरात ओरडली की दुकानदार बाहेर आला. ज्या दिवशी पाटी बदलतील त्या दिवशीही ती वाचेल, याचा मला आनंद आहे. तिच्या बाबांना ट्रकवर फोन केला. ते म्हणाले, मग आता कशाला रडतेस. मी रडत नव्हते, नाक वाहत होतं.

पण रोज जमत नाही. लांब शब्द आला की अजून मान मागे वळवते, माझं तोंड शोधते. आणि मला तो शब्द सांगायची अशी काही उबळ येते की ओठ दाताखाली धरावा लागतो. तेव्हाच मला तू आठवलीस. आता लिहितेच.

मी सात वर्षांची, तू दहा. दुकानात मागच्या बाजूला मी बॉबिन भरत बसायचे आणि तू माझा धडा मोठ्याने वाचायचीस. दोनदा वाचलास की मला पाठ. दुसऱ्या दिवशी वर्गात मी पुस्तकावर बोट फिरवत घडाघडा म्हणायचे. तिसरी संपेपर्यंत कुणाला कळलं नाही. चौथीत नव्या गुरुजींनी मधलंच पान उघडलं आणि मी उभी राहिले ती उभीच राहिले. तू खिडकीबाहेर होतीस, मला डबा द्यायला आली होतीस, आणि तिथून एकेक शब्द तोंडाने हलवून मला सांगत होतीस. मी तुझ्या ओठांवरून सबंध परिच्छेद म्हटला. तू घरी कुणाला सांगितलं नाहीस. त्यानंतर पुढची दोन वर्षं माझं प्रत्येक वाक्य तूच वाचलंस. मग तू वसतिगृहात गेलीस, आणि मला शब्द सांगायला घरात कुणी उरलं नाही. मी बारा वर्षांची होते. मशीनसोबत येणाऱ्या माहितीपुस्तकातून वाचायला शिकले, सुई कशी बदलावी त्या पानावरून, एका उन्हाळ्यात, दार लावून. हे तुला आजवर माहीत नव्हतं. मला तू गेल्याचा राग होता आणि त्याच रागात मी शिकले.

म्हणून तुला ते चार शब्द सुचले. चिंगी वाचतेय असं सगळ्यांना वाटत होतं, तुला एकटीला दिसलं, कारण तू हे एकदा पाहिलं होतंस. नोव्हेंबरात तू तिच्याबद्दल बोललीस म्हणून मी पेटले असं मी जगाला सांगितलं. खरं तर तू तिच्यात मला ओळखलंस, म्हणून पेटले. मला लाज वाटली, आणि ती लाज मी तुझ्यावर ढकलली.

आता कामाचं. न पाहिलेलं पान वाचून घ्यायला नोंदणीकृत शिक्षक मीच निवडायचा आहे. आमच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर आहेत. घरी शिकणाऱ्या दोन मुलांचे कागद त्यांनी दारातच सही करून दिले, म्हणे पोरांना कशाला त्रास. परवा मला दिसले तर स्वतःहून म्हणाले, पेन घेऊन या. त्यांची सही घेतली तर पाच मिनिटांत काम होतं आणि परवानगी पक्की होते. मी दोन दिवस विचार केला, खोटं कशाला सांगू.

पण मला सही नको आहे. माझी पोरगी वाचते की नाही हे मला कळायला हवं, आणि माझ्यावर माझा विश्वास नाही. मी एकदा "हं" म्हटलेलं आहे. या गावात एकच बाई आहे जिला फसवता येत नाही. कार्यालयात जाऊन विचारून आले, परीक्षक नात्यातला चालतो का. तिथले कारकून म्हणाले, नियमात बंदी नाही, पण लोक म्हणतील मावशीने झुकतं माप दिलं. मी म्हटलं, तुम्ही माझ्या बहिणीला भेटलेले नाही.

तू ये. सूट देऊ नकोस. पान तू आण, तिने कधी ऐकलं नसेल असं. वाचता आलं नाही तर तसं लिही, जूनमध्ये मी स्वतः तिला तुझ्या फाटकातून आत आणून सोडीन. गुरुवारी दुपारी अडीच वाजता शटर अर्धं खाली असतं. वाकून आत ये.

तुझी धाकटी


२० एप्रिल

ताई,

गुरुवारी तू चहा न घेता गेलीस. त्यामुळे तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. तू असताना काय झालं तेही सगळं माहीत नाही, कारण तू मला बाहेर थांब म्हणालीस आणि मी थांबले नाही. मागच्या दाराला फट आहे.

पान तू निघताना स्वतःच्या हाताने लिहून आणलं होतंस, शाई अजून ताजी दिसत होती. शाळेच्या पहारेकऱ्याची किल्ली हरवते त्याची गोष्ट, आठ ओळींची. म्हणजे जगात ती कुणीच ऐकलेली नव्हती. मनात म्हटलं, हिला म्हणतात मुख्याध्यापिका.

पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसरीत "पहारेकऱ्याने" पाशी अडली, तुकडे केले, जोडले, निघाली. मग पाचव्या ओळीत "कुलूपवाल्याकडे" आला. कु म्हणाली. लू म्हणाली. मग थांबली. मान मागे वळवली, तिथे मी नव्हते. मग तिने तुझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. मला माहीत आहेत तुझे ओठ. आयुष्यभर तू दुसऱ्याचं वाक्य पुरं करत आलीस, बाबांचं, माझं, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाचं. तुझे ओठ हललेच. आणि तू तोंडावर हात ठेवलास.

मी घड्याळ बघत होते. चार मिनिटं तू तसा हात धरून बसलीस. तुझे डोळे भरले होते ते फटीतूनही दिसत होतं, उगाच नाही म्हणू नकोस. चार मिनिटांनी तिने तुझ्याकडे बघायचं सोडलं, कागदाकडे वळली, बोट परत शब्दाच्या सुरुवातीला नेलं आणि एका दमात वाचला. उरलेल्या तीन ओळीही वाचल्या. आठ ओळींना अकरा मिनिटं. तू कागदावर लिहिलंस, "स्वतः वाचते. गती कमी." सही केलीस, शिक्का काढलास, मारलास, आणि उठून गेलीस. मी पुढे येईपर्यंत शटरखालून फक्त तुझ्या चपला दिसल्या.

कागद कार्यालयात दिला. परवानगी वर्षभरासाठी मिळाली. गती वाढवायची आहे, ते बघतो आम्ही, रोज अडीच वाजता.

आता जे सांगायला हे पत्र लिहिलं ते. तू गेल्यावर चिंगी बराच वेळ तुझ्या खुर्चीकडे बघत होती. मग मला जवळ बोलावून कानात म्हणाली, "आई, मावशीला तो मोठा शब्द येत नव्हता. नुसती तोंडावर हात ठेवून बसली होती. मग मी तिला वाचून दिला."

मी म्हटलं, बरं केलंस.

तिने ठरवलंय की दर गुरुवारी तुला एक पान वाचून द्यायचं, तुला जमेपर्यंत. मी तिचा गैरसमज दूर केलेला नाही.